वाचकांचे प्रश्न : ईसीएमला कोण सांगतंय, इंजिन गार आहे म्हणून?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे 1996 ची मारुती ओम्नी आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि सौ.ने मिळून तिची कॅम्पर केली. मागची सीट काढून प्लायचा पलंग, त्याखाली पाण्याचे कॅन आणि गॅसच्या शेगडीचा खण, खिडक्यांना सौ.ने शिवलेले पडदे. मूळ कार्ब्युरेटरचं इंजिन थकलं होतं. गेल्या दिवाळीत नंतरच्या ओम्नीचं, 796 सीसीचंच पण एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन, वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, यांसकट बसवून घेतलं. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते आणि पहिली पाच मिनिटं फार छान चालते. मग जसजशी पळते तसतशी जड होत जाते. सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते. बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करायची तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा लागतो. अ‍ॅव्हरेज आठ-नऊ. पीयूसीला सीओ 4.8 टक्के आला. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. त्या सेन्सरच्या वायरवर मीटर लावला की 0.8 ते 0.85 व्होल्ट दाखवतो आणि तिथेच थांबतो. आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेलाय, जुना मिळेल, 11,000 लागतील. तापमानाचा काटा खालच्या रेषेच्या वर फारसा जात नाही, तेवढी एकच गोष्ट चांगली आहे. ईसीएम घ्यावा का? — एक वाचक, धायरी

उत्तर : काका, ईसीएम घेऊ नका. खाली सांगितलेली मापं घेतल्याशिवाय तर अजिबात नको.

पण इंजिनाकडे वळायच्या आधी दुसऱ्या गोष्टी बोलते, कारण तुम्ही दोघं त्या गाडीत झोपता. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि तिथून तुमच्या उशीपर्यंत चार फूटसुद्धा नाहीत. 4.8 टक्के सीओ म्हणजे सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात 48,000 पीपीएम (दर दहा लाख भागांत 48,000) कार्बन मोनॉक्साइड. बंद जागेत काहीशे पीपीएम असला तरी दोन-तीन तासांत डोकं जड होतं, आणि त्याहून वाढला तर झोपलेला माणूस उठत नाही. तुम्हाला येतो तो वास पेट्रोलचा. या वायूला वास नाही, रंग नाही. त्यामुळे पंखा चालावा किंवा फोन चार्ज व्हावा म्हणून रात्री इंजिन चालू ठेवायचं नाही, आता नाही आणि दुरुस्तीनंतरही नाही. सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाला कडेने रबर असतं. इंजिन बदलताना ते फाटतं किंवा बाजूला काढलं जातं आणि तसंच राहून जातं. ते आधी बघा.

दुसरं म्हणजे पेट्रोलचा पाइप. जुन्या इंजिनावरचा पंप कार्ब्युरेटरला जेमतेम 0.2 ते 0.3 बार दाबाने पेट्रोल ढकलायचा. एमपीएफआयचा विजेवरचा पंप 2.5 ते 3 बार दाब देतो, म्हणजे जवळजवळ दहापट. तीस वर्षं वापरलेला रबरी पाइप तोच ठेवला असेल आणि त्यावर साधी क्लिप आवळली असेल, तर तो कधीही सुटेल, आणि सुटला की पेट्रोल ठिबकणार नाही, फवारा मारेल. तुमच्या मागच्या खणात तर शेगडी आहे. सिलिंडर उतरवून गाडी मोकळ्या जागी लावा, सीट उचला. दुसऱ्या माणसाला नुसती चावी ऑन करायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. पंप दोन सेकंद घुरघुरून थांबेल. तेवढ्यात टॉर्चने एकेक जोड बघा. कुठे ओल दिसली तर गाडी तिथून हलवू नका. ओल नसली तरी पाइपवर फ्युएल इंजेक्शनचा असल्याची छपाई आहे का ते वाचा; नसेल तर बदलून घ्या, योग्य क्लिपसकट.

तिसरं, ऑइलची डिपस्टिक काढून नाकाशी धरा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. मूळ दोष सापडला की ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. सापडण्याआधी बदललं तर ते पैसे वाया गेले.

आता मूळ दोषाकडे येते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही जी एकच चांगली गोष्ट म्हणून लिहिलीत, तीच मला खटकली. तापमानाचा काटा वर जात नाही.

गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींना चिकटून बसतं. म्हणून गार असताना जास्त पेट्रोल द्यावं लागतं. जुन्या इंजिनात हे काम तुम्ही चोक ओढून करत होता आणि गाडी तापली की चोक आत ढकलत होता. एमपीएफआयमध्ये हेच काम ईसीएम करतो. त्याला डोळे नाहीत. कुलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात) बुडालेला एक दोन वायरींचा सेन्सर जे सांगेल, ते तो खरं मानतो. सकाळी चांगली आणि तापली की वाईट, या लक्षणाचा माझ्या दृष्टीने एकच अर्थ होतो: ईसीएमने चोक अजून आत ढकललेलाच नाही. त्याच्या लेखी इंजिन गार आहे. आणि इंजिन गार आहे असं त्याला वाटतं तोवर तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. तुमचा नवा सेन्सर 0.85 व्होल्ट दाखवून ओरडतोय की पेट्रोल फार झालं, पण ऐकणारं कोणी नाही. तो सेन्सर चांगला आहे, बदललेले पैसे मात्र उगाच गेले. सगळं ठीक असतं तर ते व्होल्टेज 0.1 आणि 0.9 च्या मध्ये सारखं खालीवर झालं असतं, कारण ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करत हवेच्या 14.7 भागांना पेट्रोलचा एक भाग, या प्रमाणाभोवती खेळत राहतो.

दिवा का लागत नाही, तेही यातच आलं. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर ईसीएमला कळतं आणि दिवा लागतो. पण सेन्सर ‘इंजिन 45 अंशांवर आहे’ असं सांगत असेल, तर त्यात अशक्य काहीच नाही. हिवाळ्यात कुठलंही इंजिन 45 वर असू शकतं. ईसीएम का संशय घेईल?

मग 45 कोण सांगतंय? एक तर इंजिन खरंच तेवढं गार आहे, नाहीतर सेन्सर किंवा वायर खोटं बोलतेय. तुमच्याकडे दोन्ही असण्याची शक्यता मला दिसते.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेवर. तुमच्या मेकॅनिकला सरळ विचारा, थर्मोस्टॅट बसवलाय की काढून टाकलाय? मी औंधच्या आयटीआयमध्ये शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी एका पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून सोडला होता. शेगडी पेटवली, थर्मामीटर धरला. त्याच्यावर 82 कोरलेलं होतं. साठ झालं, सत्तर झालं, काही हललं नाही. ऐंशी ओलांडल्यावर मधली पितळी चकती अगदी सावकाश उचलली गेली आणि त्या फटीतून एक बुडबुडा वर आला. आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो होतो. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि चकतीला ढकलतं. ना वायर, ना मोटर. नंतर मी कामाला लागले त्या गॅरेजात खिळ्यांच्या डब्याशेजारी एक डबा होता, काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटने भरलेला. एप्रिल-मेमध्ये स्वारगेटच्या गर्दीत गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जायचा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते कसंबसं चालून जायचं. एमपीएफआयला चालत नाही. थर्मोस्टॅट नसला की सगळं कुलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पन्नास-साठच्या वर जात नाही, आणि ईसीएम प्रामाणिकपणे चोक ओढून बसतो. गर्दीत गाडी तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय, पंखा वेळेवर लागत नाही किंवा कुलंटमध्ये हवा अडकलीय. थर्मोस्टॅट काढून यातलं काहीच बरं होत नाही.

नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो. बसवताना गॅस्केट नवं घ्या आणि कुलंट भरल्यावर हवा काढून टाका. नंतर गाडी चालू करून वरच्या होजला हात लावून बघा. बराच वेळ होज कोमट राहील आणि मग एकदम चटका बसेल. तसं झालं की थर्मोस्टॅट काम करतोय.

दुसरा संशय वायरिंगवर, आणि हे माझं रोजचं काम असल्यामुळे यावर जरा थांबते. इंजिनावर तापमानाचे दोन सेन्सर शोधा. एका वायरीचा असतो तो डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन वायरींचा असतो तो ईसीएमसाठी. मेकॅनिक पुष्कळदा एकवायरवाला बदलतात आणि सेन्सर बदलला म्हणून सांगतात. दोन वायरींच्या सेन्सरचा प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर ओहमवर लावा. 20 अंशांना साधारण 2,500 ओहम आणि 80 अंशांना साधारण 300 ओहम यायला हवेत. तापतो तसा त्याचा रोध कमी होतो. आता समजा सेन्सर 80 अंशांवर आहे, चोख 300 दाखवतोय, पण ईसीएमपर्यंतच्या वायरीत एखादा जोड खराब आहे आणि तो स्वतःचे 700 ओहम घालतोय. ईसीएमला 1,000 दिसतील, आणि 1,000 ओहम म्हणजे त्याच्या हिशेबात 45 अंशांच्या आसपास. सेन्सर खरा, ईसीएम खरा, खोटारडा तो मधला जोड.

असा जोड मी हाताने सोडवलाय. भोरकडून आलेली व्हॅन होती, तीन गॅरेजं फिरून. त्यांनीही दुसरं इंजिन टाकलं होतं आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) आखूड पडला म्हणून वायरी वाढवल्या होत्या. काळी टेप वरून अगदी नवी, घट्ट गुंडाळलेली. ब्लेडने उकलली तर आत तांब्याच्या तारा नुसत्या पिळलेल्या आणि त्यांच्यावर हिरवी पूड, तुळशीपाशी ठेवलेल्या जुन्या तांब्याला चढते तशी. बोटाने चोळली तर तारेचे तुकडे पडले. गाडी धुताना पाणी त्या टेपमध्ये शिरायचं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. जोड कापून टाकला, वायर सोल्डर केली, वर हीटश्रिंकची नळी चढवली. दहा मिनिटांचं काम. त्या माणसाने तोवर दोन सेन्सर आणि इंजेक्टरचा पूर्ण सेट बदलला होता. सेन्सरच्या वायरीत प्रवाह इतका थोडा असतो की असा जोड गरम होत नाही, वास येत नाही, फ्यूज उडत नाही. तो फक्त आकडा बदलतो.

म्हणून तुम्हाला एक चाचणी सांगते, ती गॅरेजात उभं राहून करून घ्या. तपकीर गल्लीत जाऊन 330 ओहमचा साधा रेझिस्टर आणा, एक-दोन रुपयांना मिळेल. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तापवा आणि बंद करा. दोन वायरींच्या सेन्सरचा प्लग काढा आणि त्या प्लगच्या दोन खाचांत रेझिस्टरचे पाय घाला. आता ईसीएमला वाटेल इंजिन ऐंशीच्या जवळ आहे. गाडी चालू करून पाच मिनिटं द्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीवर मीटर लावा. काट्यावर लक्ष असू द्या, कारण रेडिएटरचा पंखा ईसीएमवर अवलंबून असेल तर तो या काळात वेळेवर लागणार नाही.

व्होल्टेज खालीवर नाचायला लागलं, तर तुमचा ईसीएम निरोगी आहे, प्लगपासून पुढची वायरही ठीक आहे. दोष सेन्सरचा किंवा थर्मोस्टॅटचा. व्होल्टेज 0.85 वरच बसून राहिलं, तर रेझिस्टर तसाच ठेवून ईसीएमचा मोठा प्लग काढा आणि त्याच्या त्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. 330 ऐवजी 900 किंवा 1,200 आले, तर जोड शोधत बसा, तो आहेच. पण कृपा करून तो रेझिस्टर कायमचा बसवू देऊ नका. असं करून देणारे लोक आहेत. डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू होणार नाही, आणि इंजिन खरोखर उकळलं तरी ईसीएमला पत्ता लागणार नाही.

330 चोख आले आणि तरीही गाडी रिच (पेट्रोल जास्त घेऊन) चालत असेल, तर मग पुढची दारं ठोठवायची. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, दाबाचा गेज लावा. 2.5 ते 3 बारच्या वर, समजा 4 दाखवत असेल, आणि रेलवरच्या, दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमधून परतीचा पाइप टाकीकडे जात असेल, तर तो पाइप कार्ब्युरेटरच्या काळातला बारीक किंवा चेमटलेला असणार. 3 चे 4 बार झाले की पेट्रोल सुमारे 15 टक्के जास्त जातं. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघा, तिच्यात पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटलाय. मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी भेगाळली असेल तरीही असंच होतं: ईसीएमला वाटतं इंजिनावर लोड आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. हे तपासायला पुण्यातली एक सोपी खूण आहे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी स्कॅनरवर मॅपचा आकडा 95 किलोपास्कलच्या आसपास हवा. समुद्रसपाटीला 101 असतो, आपण 560 मीटरवर आहोत.

अर्थिंगही विसरू नका. इंजिन बदलताना इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी परत न लावणं ही फार नेहमीची चूक आहे. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून बॅटरीची मायनस आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावा. 0.1 व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी नाही किंवा सैल आहे, आणि मग प्रत्येक सेन्सरचा आकडा थोडा थोडा चुकतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का, तेही बघा. पट्टी नसली की सेल्फचा प्रवाह त्या केबलमधून वाट काढतो.

तुमच्या ऑक्सिजन सेन्सरने 0.85 ऐवजी 0.1 दाखवलं असतं तर मी तुम्हाला मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे पाठवलं असतं. एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे. तुमच्याकडे ते लक्षण नाही. आणि तुमच्या मेकॅनिकवर रागावू नका. इंजिन बसवण्याचं काम त्याने नीट केलेलं दिसतंय, नाहीतर सकाळी अर्ध्या सेल्फला चालू झाली नसती. हे पान त्याला दाखवा.

नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवलाय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली असे बदल आरटीओच्या नोंदीत असावे लागतात. इंजिन खरेदीची पावती जपून ठेवा आणि संगम पुलाजवळच्या कार्यालयात हे काम उरकून घ्या, नाहीतर विमा कंपनी ऐन वेळी नंबर जुळत नाही म्हणून हात वर करते. तुमच्या काळातल्या गाडीला पीयूसीला सीओची मर्यादा 3 टक्के आहे, पण हे इंजिन सुधारलं की अर्ध्या टक्क्याच्याही खाली यायला हवं. तेवढं आल्याशिवाय समाधान मानू नका. थर्मोस्टॅट होता की नव्हता, रेझिस्टर लावल्यावर व्होल्टेज किती, ईसीएमच्या पिनांवर ओहम किती, हे तीन आकडे मला कळवा. पुढच्या अंकात छापते.

प्रश्न : आमच्या बाबांची 1993 ची ओम्नी अजून मूळ कार्ब्युरेटरवरच आहे. पुण्यात ठीक चालते, पण महाबळेश्वरला मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी काळा धूर आणि प्लग काळे. मेकॅनिक म्हणतो, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) बारीक टाकू. टाकावं का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब पुण्यापेक्षा नऊएक टक्के कमी. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण चार-पाच टक्के रिच होतं. त्याने गाडी पसरणीच्या चढाला थोडी सुस्त वाटेल, पण काळा धूर निघणार नाही. जेट बारीक केलं तर पुण्यात, मे महिन्यात, गाडी लीन (पेट्रोल कमी पडून) चालेल आणि व्हॉल्व्ह जळतील.

तुम्ही ‘दुसऱ्या दिवशी’ लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. तिथल्या थंड सकाळी बाबा चोक ओढत असणार, पुण्यात ओढावा लागत नसेल. नॉब आत ढकलल्यावर एअर फिल्टरचं झाकण उघडून चोकची पाकळी बघा. ती अगदी उभी हवी. थोडी जरी तिरकी राहत असेल तर केबल आत अडकतेय. केबल काढून, उभी टांगून, वरून मशीनचं तेल थेंब थेंब सोडा, खालच्या टोकाने तेल बाहेर येईपर्यंत. मग ती पाकळीच्या टोकाला बांधताना नॉब पूर्ण आत असू द्या.